टेंभरडोहचे दात

किडलेल्या दाताला वास असतो. पोत्याच्या तळाशी सडलेल्या बटाट्यासारखा, पण त्याहून चिकट. मी शिरसपूर महापालिकेची दंतवैद्य. शाळा-तपासणीच्या दिवशी तो वास माझ्या ओढणीला लागतो, केसांना लागतो, डब्यातल्या पोळीलाही लागतो. सहा-सात वर्षांची पोरं आ करतात आणि आत काळे खुंट दिसतात. बाटलीतलं गोड दूध, क्रीमची बिस्किटं, पाकिटातली सरबताची पूड. या सगळ्याची आता मला सवय झाली आहे. किळस येते ती मोठ्या माणसांची, ज्यांचे दात शाबूत असतात त्यांची.

महापालिकेने धरणाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायचं ठरवलं आणि शहराचे दोन तट पडले. जाहीर सुनावणीला मला बोलावलं होतं. मिसळा म्हणणाऱ्यांच्या मागे एक टूथपेस्ट कंपनी उभी होती. तिने आलेल्या प्रत्येक मुलाला एक पिशवी दिली. पिशवीत ब्रश, पेस्टची ट्यूब आणि सोबत क्रीमच्या बिस्किटांचा पुडा! दंत-आरोग्य सप्ताहाच्या शुभेच्छांसह. मिसळू नका म्हणणारे पलीकडच्या रांगांत फलक घेऊन बसले होते. फ्लोराइडने मुलं मंद होतात, हाडं ठिसूळ होतात, ही परदेशी औषध कंपन्यांची चाल आहे, असं एक बाई ध्वनिक्षेपकावरून सांगत होत्या. त्यांचा मुलगा शेजारी बसून शीतपेयाच्या बाटलीतला शेवटचा घोट नळीने ओढत होता. त्याच्या पुढच्या चार दातांचं पीठ झालं होतं, मला व्यासपीठावरून दिसत होतं.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, की फ्लोराइड मिठासारखं आहे. चिमूटभर घातलं तर आमटीला चव, ओंजळभर घातलं तर आमटी मोरीत. अगदी थोडं असेल तर दाताचं कवच घट्ट होतं, कीड कमी लागते. जास्त झालं तर तेच कवच खडूसारखं पांढरट, मग तपकिरी होतं, आणि वर्षानुवर्षं जास्तच पोटात गेलं तर हाडं आखडतात. म्हणून आधी मोजा, कोणाच्या पोटात किती जातं ते. कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही बाजूंना मी शत्रूपक्षाची वाटले. मिसळू नका म्हणणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत, मंजिरी पार्क रहिवासी समितीचा अध्यक्ष म्हणून, माझा नवरा बसला होता. नंदन काळबांडे. तोही टाळ्या न वाजवणाऱ्यांतच होता.

पाणी मोजायचं कसं, हा प्रश्न तोवर सुटलेला होता. नळांना संवेदक बसले होते, पाण्यात काय काय आहे ते घरबसल्या फोनवर दिसायचं. पण नळाचं पाणी मोजून पोटातलं कळत नाही. कोणी फिल्टरचं पितं, कोणी टँकरचं, कोणी शेतातल्या बोअरचं. शिवाय बाटली कुठूनही भरून आणता येते, आणि आपल्याकडे ती आणली जाते. म्हणून सरकारने ‘दंतसाक्षी’ नावाचं यंत्र घेतलं आणि त्याच्यासाठी कायदाही केला.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. दाताचं कवच एका दिवसात तयार होत नाही. गवंडी विटांचे थर चढवतो तसं शरीर रोज एक थर चढवतं, डोळ्यांना न दिसणारा. दुधाच्या दाताचं हे काम आईच्या पोटात चौथ्या महिन्यातच सुरू होतं. बाळ जन्मतं त्या दिवशी त्याला एवढा धक्का बसतो की थर बिघडतो आणि तिथे गडद रेघ उमटते. आम्ही तिला जन्मरेघ म्हणतो. रेघेच्या आतले थर पोटातले, बाहेरचे जन्मानंतरचे. हाड आयुष्यभर झिजतं, भरतं, बदलतं, पण कवच एकदा झालं की झालं. त्या महिन्यांत जे पाणी प्यायलं गेलं त्याची खूण त्या त्या थरात कायमची बंद होते.

दंतसाक्षी या थरांवरून केसाहून बारीक लेसर फिरवतं. उडालेल्या वाफेतले अणू मोजतं. फ्लोरीन किती हे तर कळतंच, पण स्ट्रॉन्शियम नावाचं दुसरं एक मूलद्रव्य त्याहून चुगलखोर निघालं. त्याचे हलके आणि जड असे दोन प्रकार असतात, आणि पाणी ज्या खडकातून झिरपतं त्या खडकाप्रमाणे दोघांचं प्रमाण बदलतं. काळ्या पाषाणातलं पाणी वेगळं, ग्रॅनाइटमधलं वेगळं, धरणातलं वेगळं. एकेका गावच्या भूजलाचा नकाशा यंत्रात भरलेला आहे. सहा वर्षांच्या पोराचा पडलेला दात त्याच्यात ठेवला, की त्याच्या आईने सहाव्या महिन्यात कुठल्या गावचं पाणी प्यायलं ते पडद्यावर येतं.

कायद्याने प्रत्येक वस्तीचे दात वेगळे वाचायचे. फ्लोराइड कमी निघालं तर त्या वस्तीच्या पाण्यात ठरलेली मात्रा मिसळायची. मर्यादेहून जास्त निघालं तर मिसळणं दूरच, उलट त्या वस्तीला धरणाच्या शुद्ध पाण्याची स्वतंत्र, चोवीस तासांची वाहिनी द्यायची, आणि तीही तातडीने. अट एकच. वस्तीतल्या निम्म्याहून जास्त मुलांचे दात यायला हवेत. नाही आले तर ती वस्ती पुढच्या फेरीत, म्हणजे दोन वर्षांनी. शाळाशाळांत उंदराच्या तोंडाचे खोके ठेवले. पडलेला दात छपरावर टाकायचा आणि उंदराला म्हणायचं, माझा जुना घे, तुझा नवा दे, हे आपल्या घराघरांत चालतंच. आता छपराऐवजी खोका, एवढाच फरक. सरकारी डोक्यातून निघालेली इतकी गोड कल्पना मी दुसरी पाहिलेली नाही.

आमच्या विभागाला शहराबरोबर डोंगरपट्ट्यातली गावंही जोडलेली होती. त्यातलं टेंभरडोह मला चांगलं आठवत होतं. तिथे एका शिबिरासाठी गेले होते. ग्रॅनाइटमध्ये खोल गेलेल्या बोअरचं पाणी, पिढ्यान्पिढ्या. हापशीला लाल रंग मारून सरकारने ‘पिण्यास अयोग्य’ लिहिलं होतं, आणि दुसरी हापशी नसल्यामुळे लोक त्याच हापशीचं पाणी पीत होते. फिल्टरच्या खोलीत शेळ्या बांधलेल्या. पोरं हसली की तोंडावर हात ठेवायची, कारण दात कातासारखे तपकिरी. पन्नाशीच्या माणसाला मागून हाक मारली तर त्याची मान वळायची नाही, अख्खा माणूस फिरायचा. वाहिनी कुठे यायला हवी हे कळायला तिथे यंत्र लागत नव्हतं. पण कायद्याला दात लागत होते, आणि टेंभरडोहचा खोका रिकामा आला.

मी चिडले. एवढं सांगून, एवढं समजावून, साधा दात टाकवत नाही खोक्यात? मंजिरी पार्कचा खोका मात्र काठोकाठ भरून आला होता. प्रत्येक दात वेगळ्या पाकिटात, पाकिटावर मुलाचं नाव, सगळं छापील. आमच्या ऋजूचंही पाकीट त्यात होतं. तिचा खालचा दात शाळेतच पडला होता, तिने तो रुमालात बांधून घरी आणला होता, आणि नंदन म्हणाला होता की मी टाकतो खोक्यात, तू काळजी करू नकोस. तो असं काही आपणहून करतोय याचं मला बरंच वाटलं होतं.

आईपणाचा मोह म्हणा, मी पहिल्यांदा ऋजूचंच पाकीट उघडलं. दात यंत्रात ठेवताना मला गंमत वाटत होती. माझ्या पोटातल्या नऊ महिन्यांची, खरं तर साडेसात महिन्यांची, कहाणी आता पडद्यावर येणार होती. ऋजू अपुऱ्या दिवसांची. रक्तदाब वाढला म्हणून पोट फाडून तिला बाहेर काढावं लागलं होतं, कितीतरी दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मी काचेला नाक लावून उभी असायची.

पडद्यावर जन्मरेघ आली ती पूर्ण दिवसांची. मी यंत्र पुन्हा जुळवून घेतलं, पुन्हा वाचलं. तेच. मग फ्लोराइडचा आलेख आला. तो मर्यादेच्या रेषेवरून असा वर गेला की पडद्याला मापं बदलावी लागली. शेवटी स्ट्रॉन्शियमने गाव सांगितलं. या मुलीची आई गरोदरपणभर टेंभरडोहच्या हापशीचं पाणी प्यायली होती. जन्मरेघेच्या आत एक फिकट पट्टाही होता, आईच्या उपासमारीचा किंवा तापाचा. मी शिरसपुरात धरणाचं पाणी पीत होते, आणि खायचं म्हणाल तर माझ्या दोन्ही नणंदा मला कोंबून भरवत होत्या.

हा दात माझ्या पोटात वाढलेला नव्हता. दुसऱ्या कोण्या बाईच्या पोटात वाढलेला दात माझ्या मुलीच्या नावाने माझ्यासमोर पडला होता. मग मी एकेक पाकीट उघडत गेले. आर्यमान, कियारा, विहान, सगळी मंजिरी पार्कची नावं आणि सगळे दात टेंभरडोहचे. दुधाचे दात वरून पांढरे दिसतात, फसवायला सोपे. खोका रिकामा का आला, हे आता मला विचारायला लागणार नव्हतं.

घरी आले तेव्हा नंदन स्वयंपाकघरात संत्रं सोलत बसला होता. फोडीवरचे पांढरे दोरे एकेक करून काढायची त्याची सवय आहे, फोड अगदी नितळ झाल्याशिवाय तो तोंडात टाकत नाही. ऋजू खाली खेळायला गेली होती. मी विचारलं आणि त्याने नाकारलंही नाही. माझ्या हातात यंत्र आहे हे त्याला ठाऊक होतं. पण यंत्र फ्लोराइड मोजतं एवढंच त्याने वाचलं होतं. ते गावही सांगतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्याने सगळं सांगितलं ते फार शांतपणे. आपल्या सातमजली इमारतीला छप्पर कुठे आहे? मुलांचे दात पडतात, कोणी गॅलरीतून फेकतं, कोणी कमोडमध्ये टाकतं, मोलकरीण केरात भरते. ऋजूचाही दात त्याच्या हातून गाडीत कुठेतरी हरवला. खोका रिकामा गेला असता तर पुढच्या फेरीपर्यंत शहराची सरसकट मात्रा आपल्याही नळाला लागली असती. म्हणून समितीतले तिघे-चौघे टेंभरडोहला गेले. तिथे कवेलूंची, म्हणजे कौलारू घरं, लोक दात अजून कवेलूवर टाकतात. वर चढून शोधलं की सापडतात. आणि दात जास्त फ्लोराइडचे निघाले तर मिसळणं थांबेल, वर धरणाची वाहिनी मिळेल, म्हणजे आवळा देऊन कोहळाच.

“आणि त्या गावाचं काय?” मी विचारलं.

“ते पुढच्या फेरीत देतील ना.” त्याने फोड उजेडात धरून पाहिली. “त्यांच्याकडे काय पोरं कमी आहेत? दात पडतच असतात.”

मी त्याच्याशी बारा वर्षं संसार केला होता. तो दारू पीत नव्हता, आवाज चढवत नव्हता, ऋजूच्या शाळेतल्या प्रत्येक कार्यक्रमाला जात होता. पण त्या फोडीचा रस त्याच्या ओठाच्या कडेला आला आणि मला तिथे थांबवेना. आतापर्यंत मी हजारो किडकी तोंडं पाहिली आहेत, एकाही तोंडाची अशी शिसारी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी टेंभरडोहला गेले. ऋजूच्या पाकिटातला दात कोणाचा असेल, हे मला पाहायचं होतं. वय, जन्माचा महिना, तापाचा पट्टा, एवढं यंत्राने दिलं होतं. शाळेतल्या बाईंनी लगेच ओळखलं. ही जैवंताबाई कोडापेची सुगंधा, म्हणाल्या. त्या वर्षी गावात तापाची साथ होती आणि जैवंता पोटुशी असताना तिला खाटेवर घालून नाल्यापलीकडे न्यावं लागलं होतं.

जैवंताबाई अंगणात धान पाखडत होती. सुगंधा तिच्या मागे उभी, तोंडावर हात. कडेवर येण्यासाठी हट्ट धरून बसलेली धाकटी मैना, नुकतं वर्ष उलटलेलं. मी दातांची विचारपूस केली तशी जैवंताबाई सूप ठेवून माझ्याकडे आश्चर्याने पाहायला लागली.

“दात तं आमी देल्ले न डाक्टरबाई,” ती म्हणाली. “चष्म्यावाले साहेब आले होते सरकारचे. म्हणे दात द्या, नदीचं पाणी येते. घराघराच्या कवेलूतून काढले. ज्यायचे हालून रायले होते, त्या पोट्ट्याइचे धागा बांधून ओढले. पाणी कई येईन?”

नंदन चष्मा लावतो.

मी म्हणाले, येईल. मग सवयीने मैनाला मांडीवर घेतलं आणि बोटाने तिच्या हिरड्या चाचपल्या. वरचे दोन दुधाचे दात आलेले. त्यांच्या मुळाशी, हाडाच्या आत, तिचे कायमचे पुढचे दात त्या घडीला तयार होत होते. ते सहा-सात वर्षांनी दिसतील, पण त्यांच्या कवचाचा सगळ्यात नाजूक काळ असतो तो दीड ते अडीच वर्षांच्या मधला. त्या काळात पोटात काय पाणी जातं त्यावर ते दात पांढरे की कातासारखे, हे ठरतं. नंतर अमृत पाजलं तरी उपयोग नाही. सुगंधाचं झालेलं होतं. मैनाचं अजून व्हायचं होतं. पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं म्हणजे मैनाचा तो काळ हापशीवर संपणार होता. माझ्या मांडीवर ती माझंच बोट चावत होती आणि हसत होती, आणि हसताना तोंडावर हात ठेवायला अजून कोणी तिला शिकवलेलं नव्हतं.

आरोग्य अधिकारी दाभाडे साहेबांना मी सगळं सांगितलं. ते निवृत्तीला आलेले, कोणत्याही फायलीला झुरळासारखं लांबून बघणारे. त्यांनी दार लावून घेतलं.

“तक्रार करा, मी अडवत नाही,” ते म्हणाले. “गुन्हा नोंदेल. मिस्टर काळबांडे आत जातील, कदाचित. पण मग हे दात म्हणजे मुद्देमाल. लाख लावून पोलिसांच्या कपाटात जातील, आणि खटला संपेपर्यंत त्यांचं वाचन कायद्याने धरता येणार नाही. टेंभरडोहचे सगळे सुटे दात तर त्यातच आहेत. खटले किती चालतात ते तुम्हाला माहीत आहे.”

“आणि नाही केली तर?”

तर खोक्यांची अदलाबदल झाली, असं त्यांचं म्हणणं. गाडीत दोन खोके शेजारी होते, चिठ्ठ्या उलट लागल्या. भरलेला खोका टेंभरडोहचा, रिकामा मंजिरी पार्कचा. पाकिटं बदलायची, नावं बदलायची, वाचनावर माझी सही. सगळे दात खरेच आहेत, गाव खरंच आहे, आकडे खरेच आहेत. खोटी असेल ती फक्त वाटेतली गोष्ट. महिनाभरात वाहिनीचं काम सुरू होईल. फक्त एक, ते म्हणाले, ही गोष्ट मग कधीच कोणाला सांगायची नाही. आज सांगा नाहीतर दहा वर्षांनी सांगा, सही तुमची आहे.

मला दाभाड्यांचीही किळस आली. ते इतकं गुळगुळीत बोलत होते की जणू रोज हेच करत असावेत. पण त्यांच्या बोलण्यात मला चूक सापडेना. खरं बोलायचं तर मैनाचे दात जाणार, आणि मैनाचे दात वाचवायचे तर नंदन सुटणार. मी खुर्चीत बसून बराच वेळ हिशेब उलटसुलट केला. नवऱ्याला तुरुंगात घालायची मला किती तीव्र इच्छा आहे हे तेव्हा मला कळलं. ती इच्छा दाबून मी सही केली.

टेंभरडोहचं वाचन जिल्ह्यात सगळ्यात वाईट निघालं आणि वाहिनीला मंजुरी मिळाली. मंजिरी पार्कला नमुन्याअभावी शहराची मात्रा लागू झाली, तशी तिथल्या घराघरात फ्लोराइड काढून टाकणारी फिल्टरं बसली. त्यांच्या पोरांच्या दातांतली कीड आहे तिथेच राहिली. बिस्किटंही राहिली. मी माझी बदली डोंगरपट्ट्यातल्या ग्रामीण रुग्णालयात मागून घेतली आणि ऋजूला घेऊन तिकडे राहायला गेले. माहेरच्यांनी, सासरच्यांनी, सगळ्यांनी कारण विचारलं. मी सांगू शकत नव्हते, त्यामुळे मी गर्विष्ठ ठरले. नोकरी डोक्यात गेली, एवढा देवासारखा नवरा टाकला, असं माझी आईसुद्धा म्हणाली. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून मी गप्प बसले. पण आईचं बोलणं लागलं. अजून लागतं.

नंदन मात्र गप्प बसला नाही. टेंभरडोहमध्ये समितीची माणसं घरोघर फिरली होती हे गावाने पाहिलेलंच होतं. मग ती लपवायची कशाला? वाहिनीचं काम चालू असतानाच शहरातल्या पडद्यापडद्यांवर बातमी आली. ‘दुर्गम गावासाठी रहिवाशांची दात-मोहीम.’ मंजिरी पार्कच्या कार्यकर्त्यांनी डोंगर चढून, कवेलूंवर चढून दात गोळा केले म्हणून गावाला पाणी मिळालं! यातला शब्दन् शब्द खरा होता. तो गावाला जे सांगून आला होता ते सगळं खरं ठरलं होतं, आणि ते खरं मी केलं होतं.

पाणी सुरू झालं त्या दिवशी गावात मांडव पडला. नळकोंडाळ्याला एक चकचकीत कोनशिला बसवली होती, तिच्यावर पालिकेच्या नावाखाली ‘मा. श्री. नंदन काळबांडे यांच्या प्रेरणेने’ असं कोरलेलं. बायांनी त्याला ओवाळलं. जैवंताबाईने कुंकू लावलं आणि मला बोलावून म्हणाली, हेच ते साहेब, देवमाणूस आहे बाई. तिला माहीत नव्हतं तो माझा कोण ते. नंदनने मला हात जोडून नमस्कार केला, अनोळखी माणसाला करतात तसा, आणि दात दाखवून हसला. सुरेख दात आहेत त्याचे, मीच साफ केलेले.

त्यानंतर मी टेंभरडोहला जातच राहिले. दर तपासणीला मैना वाढलेली असायची. नंदन नगरसेवक झाला, मग स्थायी समितीवर गेला. ऋजू सुटीत त्याच्याकडे जाते, त्याच्यावर तिचा जीव आहे, आणि तो मोडायची माझी हिंमत नाही. कधीकधी ऋजू विचारते, आई, तू बाबांशी का बोलत नाहीस. मी म्हणते, मोठी झालीस की सांगीन. सांगणार नाही, हे मला माहीत आहे.

परवा शाळेची तपासणी नळकोंडाळ्यापाशीच ठेवली, कारण शाळेच्या खोलीत अंधार असतो. मैनाची पाळी आली. तिचे वरचे पुढचे दात पडून नवे निम्मे उगवले होते. मी ओठ वर केला आणि आरसा धरला. पांढरे. काठाला आरीसारखे बारीक दाते, नव्या दातांना असतात तसे, आणि कुठेही डाग नाही, खडूसारखी एक रेघ नाही. सुगंधा मागे उभी राहून बघत होती. तिचा हात तोंडावरच होता. मैनाने माझ्या हातातला आरसा ओढून घेतला, स्वतःला पाहिलं आणि आ करून मोठ्याने हसली.

माझे डोळे भरून आले आणि राग आला, दोन्ही एकदमच. मी तिला पेस्ट लावलेला ब्रश दिला, कसं घासायचं ते दाखवलं. तिने तोंडभर फेस केला, नळाचं पाणी घेऊन चूळ भरली आणि थुंकायला जागा शोधू लागली. बाजूच्या नालीकडे वळली, तसं मी तिला खांद्याला धरून कोनशिलेकडे वळवलं.

तिने गाल फुगलेले ठेवूनच मान हलवली. मग बोट दाखवलं. तिला नुकतंच वाचता यायला लागलं होतं. तिथे नाव लिहिलंय, असं तिला म्हणायचं होतं.

“हो,” मी म्हणाले. “तिथंच थुंक.”